चर्चमधले वायरलेस मायक आणि त्यांच्या हातून गेलेल्या फ्रिक्वेन्सी

अमेरिकेतल्या चर्चमध्ये साउंड सांभाळणाऱ्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. शनिवारी रिकाम्या सभागृहात तालीम होते तेव्हा सगळे वायरलेस मायक ठणठणीत चालतात. रविवारी मंडळी जमते आणि पाळकांच्या कॉलर मायकमध्ये खरखर सुरू होते, ऐन संदेशात आवाज तुटतो. बॅटरी बदलून, केबल बदलून काही फरक पडत नाही. मायक जुना असेल तर पहिला संशय त्याच्या फ्रिक्वेन्सीवर घ्यावा. ती आता मोबाइल कंपनीकडे गेलेली असू शकते, आणि मंडळीच्या खिशांतले फोन नेमक्या त्याच पट्ट्यात बोलत असतात. शनिवारी सभागृहात फोनच नसतात, म्हणून दोष दिसत नाही.

हे कसं झालं ते कळण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चर्चच्या वायरलेस मायकला स्वतःची अशी जागा मुळात नव्हतीच. अमेरिकेत टीव्हीच्या प्रत्येक चॅनेलला ६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो. एखाद्या शहरात सगळे चॅनेल कधीच वापरात नसतात. जे रिकामे राहतात त्यांत मायक चालतात. म्हणजे मायक टीव्हीच्या घरात पाहुणा म्हणून राहतो. टीव्हीची जागा घटली की सगळ्यात आधी पाहुण्याची अडचण होते, आणि ती अमेरिकेत २००९ पासून दोनदा घटली.

पहिल्यांदा ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा गेला. त्यात टीव्हीचे ५२ ते ६९ क्रमांकाचे चॅनेल होते. १२ जून २००९ रोजी पूर्ण शक्तीची टीव्ही केंद्रं डिजिटल झाली आणि हा पट्टा मोबाइल सेवेकडे गेला, त्याचा काही भाग पोलीस व अग्निशमन दलाच्या संपर्कासाठी राखला गेला. १२ जून २०१० नंतर तिथे वायरलेस मायक चालवायला दूरसंचार नियामक एफसीसीने बंदी घातली.

दुसऱ्यांदा ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झ, म्हणजे ३८ ते ५१ क्रमांकाचे चॅनेल. या पट्ट्याचा लिलाव मार्च २०१६ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये निकाल जाहीर झाला. सगळ्यात मोठा वाटा टी-मोबाइलने घेतला. १३ ऑक्टोबर २०१८ पासून या पट्ट्यातले मायक बनवणं, आयात करणं आणि विकणं बंद झालं. १३ जुलै २०२० नंतर वापरही बेकायदा ठरला.

या दुसऱ्या बदलाचा फटका दुहेरी होता, आणि ही बाजू बऱ्याच चर्चच्या ध्यानात आलेली नाही. वरचा पट्टा गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या पट्ट्यातली जी टीव्ही केंद्रं चालू राहिली, ती ३६ किंवा त्याखालच्या क्रमांकांवर हलवली गेली. ही हलवाहलव २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चालली. त्यामुळे ५३० किंवा ५७० मेगाहर्ट्झवर वर्षानुवर्षं निर्धास्त चालणारा, पूर्णपणे कायदेशीर मायकसुद्धा एखाद्या सोमवारपासून टीव्ही केंद्राच्या ऐन मध्यात सापडू शकला. मायक वैध असणं आणि त्याची फ्रिक्वेन्सी मोकळी असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. दोन्ही तपासाव्या लागतात.

डिजिटल टीव्हीने आणखी एक सोय काढून घेतली. जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात चित्राचा आणि आवाजाचा संकेत वेगवेगळ्या ठिकाणी असे, मधल्या फटीत एखादा मायक कसाबसा बसवता येई. डिजिटल संकेत सहाच्या सहा मेगाहर्ट्झ जवळजवळ सपाट भरून टाकतो. फट उरतच नाही.

आज काय कुठे आहे

चर्चच्या कामाचा नकाशा साधारण असा आहे:

१७४ ते २१६ मेगाहर्ट्झ: टीव्हीचे चॅनेल ७ ते १३. रिकाम्या चॅनेलवर मायक चालतो.
४७० ते ६०८: चॅनेल १४ ते ३६. मुख्य मैदान हेच.
६०८ ते ६१४: चॅनेल ३७. रेडिओ खगोलशास्त्र आणि रुग्णालयातली उपकरणं यांच्यासाठी राखीव, मायकला बंद.
६१४ ते ६१६: विनापरवाना मायकला परवानगी, शक्ती २० मिलिवॉटपर्यंत.
६१७ ते ६५२: मोबाइल टॉवरकडून फोनकडे येणारे संकेत. बंद.
६५३ ते ६५७: फक्त परवानाधारक मायक.
६५७ ते ६६३: विनापरवाना मायक, पुन्हा २० मिलिवॉटपर्यंत.
६६३ ते ६९८: फोनकडून टॉवरकडे जाणारे संकेत. बंद.
६९८ ते ८०६: २०१० पासून बंद.

सुरुवातीला सांगितलेल्या तक्रारीचं मूळ ६६३ ते ६९८ या ओळीत आहे. तिथे अडथळा आणणारा ट्रान्समीटर दूरच्या टॉवरवर नसतो, तो तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाच्या खिशात असतो. शेजारच्या ६१७ ते ६५२ मध्ये उलट होतं. टॉवर दिवसरात्र बोलत असतो, त्यामुळे रिकाम्या सभागृहातही त्रास जाणवतो. दोष कधी दिसतो यावरून मायक कुठल्या बाजूला अडकला आहे याचा अंदाज बांधता येतो.

आपल्याकडे काय आहे ते आधी लिहून काढा

कपाटात पडलेले, युवक गटाकडे असलेले, लहान मुलांच्या वर्गातले, सगळे संच एका टेबलावर आणा. हातातला मायक, कमरेचा बॉडीपॅक, गिटारचा ट्रान्समीटर, कानातले मॉनिटर (गायक-वादकांना गाणं-वाजवणं ऐकवणारे), वायरलेस इंटरकॉम हे सगळं या हिशोबात येतं. ऐकू कमी येणाऱ्यांसाठीची जी यंत्रणा ७२ ते ७६ किंवा २१६ ते २१७ मेगाहर्ट्झवर चालते, तिला हे बदल लागू नाहीत. तिची वेगळी नोंद ठेवा.

फ्रिक्वेन्सीचा पल्ला रिसीव्हरच्या मागच्या लेबलवर आणि ट्रान्समीटरच्या बॅटरीच्या कप्प्यात छापलेला असतो. काही ठिकाणी फक्त सांकेतिक अक्षर असतं. शुअरच्या एसएलएक्स मालिकेतला एल४ म्हणजे ६३८ ते ६६२. सेनहायजरच्या ईडब्ल्यू जी३ मालिकेतला बी म्हणजे ६२६ ते ६६८. हे दोन्ही आता कामाचे नाहीत. त्याच जी३ मालिकेतले ए, म्हणजे ५१६ ते ५५८, आणि जी, म्हणजे ५६६ ते ६०८, हे मात्र वैध आहेत. मॉडेल तेच, दिसायला हुबेहूब सारखे, एक चालतो आणि एक चालत नाही. जुना संच विकत घेताना लोक इथेच फसतात, कारण जाहिरातीत मॉडेलचं नाव ठळक असतं आणि बँडचं, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचं, अक्षर फोटोतही दिसत नाही.

६५७ ते ६६३ हा मोकळा तुकडा बघून काही जण जुना संच तिथे लावायचा विचार करतात. त्या तुकड्यात २० मिलिवॉटची मर्यादा आहे आणि बरेच जुने ट्रान्समीटर ३० मिलिवॉट किंवा त्याहून जास्त शक्तीचे असतात. शिवाय वापरणाऱ्याच्या हातून चुकून बटण दाबलं गेलं की संच पुन्हा बंद पट्ट्यात जाऊन बसतो. तो वाचवण्यात अर्थ नाही.

‘दुरुस्ती करून फ्रिक्वेन्सी बदलता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक संचांचं उत्तर नाही असं आहे. रिसीव्हरमधले फिल्टर, ट्रान्समीटरचं सर्किट आणि अँटेनाची लांबी एका ठरावीक पट्ट्यासाठीच घडवलेली असते, आणि एफसीसीची मान्यताही त्याच पट्ट्यासाठी असते. काही मोजक्या महागड्या मालिकांना निर्मात्याने बँड बदलून दिला, बाकीचे बाद. संच बाद ठरवलात तर तो इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्या. दुसऱ्या लहान चर्चला भेट म्हणून देऊ नका, अडचण फक्त पुढे सरकते.

दुसऱ्या देशातून आणलेला मायकही नीट तपासा. ब्रिटनमध्ये ६०६ ते ६१४ हा मायकचा लोकप्रिय पट्टा आहे, अमेरिकेत त्याचा बहुतेक भाग वर्ज्य आहे. युरोपात विनापरवाना चालणारा ८६३ ते ८६५ चा मायक अमेरिकेत चालवता येत नाही.

परवाना मिळेल का

मिळू शकतो, पण फार थोड्यांना. २०१४ मध्ये एफसीसीने परवान्यासाठीची पात्रता वाढवली. नियमितपणे ५० किंवा अधिक वायरलेस उपकरणं वापरणाऱ्या सभागृहांना आणि व्यावसायिक साउंड कंपन्यांना अर्ज करता येऊ लागला. मायकबरोबर कानातले मॉनिटर आणि इंटरकॉमही या मोजणीत धरता येतात, त्यामुळे मोठ्या चर्चने नीट हिशोब करून पाहावा. परवान्यामुळे ४७० ते ६०८ मध्ये २५० मिलिवॉटपर्यंत शक्ती वापरता येते आणि रिकामे चॅनेल वापरणाऱ्या इंटरनेट उपकरणांपासून संरक्षण मागता येतं. बाकी सगळी चर्च विनापरवाना वर्गात येतात. मर्यादा ५० मिलिवॉट, आणि कुणी अडथळा आणला तर तक्रारीचा हक्क नाही. उलट आपल्यामुळे टीव्हीला अडथळा झाला तर आपणच बंद करायचं. यात कमीपणा काही नाही. ५०० आसनांच्या सभागृहाला ५० मिलिवॉट भरपूर होतात, बहुतेक वेळा १० मिलिवॉटही पुरतात.

मोकळी जागा शोधणं

पहिली पायरी कागदावरची. एफसीसीच्या नकाशावर किंवा मायक कंपन्यांच्या फ्रिक्वेन्सी शोधकावर चर्चचा पत्ता टाकला की आसपासची टीव्ही केंद्रं मिळतात. चॅनेल क्रमांकावरून फ्रिक्वेन्सी अशी काढा: क्रमांकातून १४ वजा करा, ६ ने गुणा, ४७० मिळवा. चॅनेल २५ घेतला तर ११ गुणिले ६ म्हणजे ६६, अधिक ४७०, म्हणजे ५३६ ते ५४२ मेगाहर्ट्झ.

इथे एक मोठा खड्डा आहे. टीव्हीच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक हा केंद्राचा खरा प्रक्षेपण क्रमांक असेलच असं नाही. केंद्रं हलली तरी प्रेक्षकांच्या सवयीसाठी जुना क्रमांकच दाखवत राहिली. हिशोबासाठी आरएफ चॅनेलचा क्रमांक घ्यावा. पडद्यावरचा ७ पाहून १७४ मेगाहर्ट्झ टाळाल आणि ते केंद्र प्रत्यक्षात ५०० च्या पुढे कुठेतरी भेटेल.

न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, बॉस्टन, ह्यूस्टन अशा काही महानगरांत १४ ते २० यांपैकी काही चॅनेलवर पोलीस व अग्निशमन दलाचे रेडिओ चालतात. नकाशावर टीव्ही केंद्र नाही म्हणून ती जागा मोकळी धरू नका.

दुसरी पायरी प्रत्यक्ष जागेवरची. बहुतेक रिसीव्हरमध्ये स्कॅन असतं. स्कॅन करताना आपले सगळे मायक बंद ठेवा. बाकी सगळं मात्र चालू हवं: व्हिडिओची एलईडी भिंत, दिवे, वाय-फाय, कानातल्या मॉनिटरचे ट्रान्समीटर. एलईडी भिंती आणि त्यांचे पॉवर सप्लाय रुंद पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. भिंत बंद ठेवून केलेलं स्कॅन खोटं समाधान देतं. शक्य असेल तर एक स्कॅन रविवारी उपासनेच्या वेळी, एखाद्या रिकाम्या रिसीव्हरवर करा. आजूबाजूची चर्चही साधारण त्याच तासाला मायक चालू करतात. बुधवारच्या दुपारी ती दिसणार नाहीत.

फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ठेवू नका

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून थोडं सविस्तर. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या संकेतांच्या मिसळीतून तिसरेच संकेत जन्माला येतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. त्यातले त्रासदायक संकेत काढायची रीत सोपी आहे: एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट करून त्यातून दुसरी वजा करायची.

समजा चॅनेल २५ मोकळा आहे आणि तीन मायक ५३६.४, ५३७.४ आणि ५३८.४ वर लावले. दिसायला व्यवस्थित. पण ५३७.४ ची दुप्पट १०७४.८, त्यातून ५३६.४ गेले, उरले ५३८.४. पहिल्या दोन मायकांनी मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बरोबर एक भूत उभं केलं. दोन गायिका शेजारी उभ्या राहून गाऊ लागल्या की पाळकांचा मायक बिघडतो, आणि त्या दूर गेल्या की सुधारतो. असा दोष शोधताना लोकांचे महिने जातात.

तिसरा मायक ५३८.४ ऐवजी ५३९.० वर नेला की प्रश्न सुटतो. ५३८.४ वरचा संकेत तसाच राहतो, पण तो आता कुठल्याही मायकपासून ६०० किलोहर्ट्झ दूर आहे. तीनच मायक असतील तर हे कागदावर जमतं. आठ-दहा झाले की जोड्या आणि त्रिकुटं इतकी वाढतात की संगणक लागतो. मायक कंपन्यांची समन्वयाची सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात, तीच वापरा.

एकाच मालिकेचे, एकाच बँडचे संच असतील तर आणखी सोपा मार्ग आहे. त्यांत ग्रुप आणि चॅनेल अशी रचना असते. एका ग्रुपमधली सगळी चॅनेल परस्परांना त्रास देणार नाहीत अशी कंपनीने आधीच निवडलेली असतात. सगळे मायक एकाच ग्रुपमध्ये ठेवा. मात्र दोन कंपन्यांचे किंवा दोन बँडचे संच मिसळले की ही हमी संपते. चर्चमध्ये नेमकं हेच असतं, कारण दोन संच एका वर्षी घेतलेले, एक देणगीत आलेला आणि एक नंतर जोडलेला.

एका रिकाम्या ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये अ‍ॅनालॉग मायक साधारण सहा ते आठ बसतात, चांगले डिजिटल त्याच्या दुपटीच्या आसपास. डिजिटलचा खरा फायदा हा आहे, आवाजाची गोडी नंतर. डिजिटलमध्ये बिघाड मात्र वेगळ्या रीतीने होतो. अ‍ॅनालॉग आधी खरखरून इशारा देतो, डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम गप्प होतो. म्हणून रिसीव्हरवरचा सिग्नल दर्जाचा मीटर बघत राहणं गरजेचं असतं.

कानातल्या मॉनिटरचे ट्रान्समीटर व्यासपीठाजवळ सतत चालू असतात. त्यांच्यासाठी वेगळा चॅनेल काढा, मायकपासून ८ ते १० मेगाहर्ट्झ दूर, आणि त्यांचा अँटेना मायकच्या रिसीव्हरला खेटून ठेवू नका.

अँटेना

जागा आकसल्यावर शेजारचा गोंगाट वाढतो, आणि पूर्वी खपून जाणाऱ्या अँटेनाच्या चुका आता खपत नाहीत. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे रिसीव्हर लोखंडी रॅकमध्ये, तो रॅक बंद कपाटात, आणि अँटेना मागच्या बाजूला वाकलेले. ५०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ६० सेंटिमीटर असते. धातूची पेटी तिला अडवते. अँटेना बाहेर काढून माणसांच्या डोक्यांच्या वर, व्यासपीठ थेट दिसेल असे लावा. दोन अँटेनांमध्ये निदान ३० सेंटिमीटर, जमल्यास मीटरभर अंतर ठेवा. ट्रान्समीटर मात्र त्यांच्या तीनेक मीटरच्या आत येऊ देऊ नका, रिसीव्हर दबून जातो.

केबल ५० ओहमची घ्या आणि लांबीला जपा. पातळ आरजी-५८ केबल ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर ३० मीटरला साधारण १० डेसिबल खाते, म्हणजे दहापैकी एकच भाग पोचतो. जाड एलएमआर-४०० तेवढ्याच लांबीला ३ डेसिबलच्या आसपास. अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच असेल तर केबलने खाल्लं तेवढंच भरून काढण्यापुरता. त्याहून जास्त वाढवलं की गोंगाटही तितकाच वाढतो.

बॉडीपॅकचा अँटेना गुंडाळून खिशात कोंबू नका, घामेजलेल्या त्वचेला चिकटू देऊ नका. शरीर हा संकेत मोठ्या प्रमाणात शोषून घेतं.

दुसरे पट्टे

९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, १९२० ते १९३० मेगाहर्ट्झचा डीईसीटी (घरगुती बिनतारी फोनचं तंत्र) पट्टा आणि २.४ गिगाहर्ट्झ हे टीव्हीवर अवलंबून नाहीत. लहान चर्चला दोन-चार मायक पुरत असतील तर डीईसीटी चांगला पर्याय आहे, संच आपली जागा आपोआप शोधतात. २.४ गिगाहर्ट्झवर वाय-फायची गर्दी असते. भरलेल्या सभागृहात शेकडो फोन वाय-फाय शोधत असतात, म्हणून तिथे मुख्य संदेशाचा मायक ठेवू नये. १७४ ते २१६ चा व्हीएचएफ पट्टा अनेक शहरांत बराच मोकळा सापडतो. अँटेना लांब लागतो आणि विजेच्या उपकरणांचा गोंगाट जास्त येतो, पण नीट बनवलेला आधुनिक संच तिथे उत्तम काम देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफसीसीने एकाच रुंद पट्ट्यात अनेक मायक एकत्र चालवणाऱ्या तंत्रालाही मान्यता दिली.

नवं काही घेण्याआधी एक काम फुकटात होण्यासारखं आहे: जे हलत नाही ते तारेवर न्या. पुलपिटवरचा मायक, पियानो, गायकवृंदावरचे टांगलेले मायक, बसून वाजवणारा गिटारवादक यांना वायरलेसची गरज नसते. बारा वायरलेसचे सात झाले की वरचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

फ्रिक्वेन्सी ठरल्या की सगळे ट्रान्समीटर एकदम चालू करा आणि एकाने एक मायक हातात घेऊन व्यासपीठापासून शेवटच्या बाकापर्यंत, बाजूच्या खोलीपर्यंत बोलत चालावं. दुसऱ्याने मीटर बघून सिग्नल कुठे पडतो ते लिहावं. मग तो मायक बंद करा. त्याच्या रिसीव्हरवर तरीही सिग्नल दिसत असेल तर ती फ्रिक्वेन्सी सोडून द्या. स्क्वेल्च (कमजोर सिग्नलवर रिसीव्हर गप्प करणारी सेटिंग) वाढवून खरखर झाकण्याचा मोह टाळा, त्याने मायकचा पल्ला कमी होतो.

प्रत्येक ट्रान्समीटरवर फ्रिक्वेन्सीची चिकटपट्टी लावा आणि तीच यादी रॅकच्या दारावर ठेवा, कारण पुढच्या रविवारी मिक्सरवर दुसराच स्वयंसेवक असेल. नाताळ आणि ईस्टरला बाहेरचा वाद्यवृंद स्वतःचे संच घेऊन येतो. त्यांच्याकडून बँड आणि संचांची संख्या आठवडाभर आधी मागवून घ्या आणि समन्वय त्यांच्या संचांसह पुन्हा चालवा. ते ६०८ च्या वरचं काही आणणार असतील तर त्यांच्यासाठी आपले दोन तारेचे मायक बाजूला काढून ठेवा.